जुना लॅपटॉप: आधी रॅम की आधी एसएसडी?

कुळागर · ९ जानेवारी २०२६, रात्री ९.१०

मंडळी, सल्ला हवाय. २०१५ साली घेतलेला पंधरा इंची लॅपटॉप आहे. आय५-५२००यू, ४ जीबी रॅम, १ टीबीची हार्ड डिस्क, विंडोज १०. सकाळी बटण दाबायचं, पोफळींना पाणी सोडून यायचं, तेव्हा कुठे क्रोम उघडतो.

कामं अशी: मुलीचा अभ्यास, सुपारीचा हिशेब एक्सेलमध्ये, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे आमच्या हौशी नाटकमंडळीचं पार्श्वसंगीत. ऑडासिटी या आवाज-संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये कापतो आणि प्रयोगाला याच लॅपटॉपवरून वाजवतो. मागच्या जत्रेत विजेचा कडकडाट खलनायक मरून पडल्यावर आला. प्रेक्षक हसले, दिग्दर्शक अजून हसलेला नाही. नाटकांच्या संहिता श्रीलिपी या जुन्या मराठी टंकलेखन सॉफ्टवेअरमध्ये आहेत, त्यामुळे विंडोज सोडता येत नाही.

फोंड्यातल्या दुकानात म्हणाले रॅम वाढवा. म्हापशाचा भाचा म्हणतो हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी घाल. पणजीत तिसऱ्याने झाकण न उघडताच नवा घ्या म्हणून सांगितलं. पुढची जत्रा तोंडावर आहे. काय करू?

तिस्ककर · रात्री १०.०२

दुकानदार राहू देत, आधी लॅपटॉपलाच विचारा. कंट्रोल-शिफ्ट-एस्केप एकदम दाबा, टास्क मॅनेजर येईल. परफॉर्मन्समध्ये जाऊन मेमरीवर टिचकी मारा. खाली किती स्लॉट आहेत, त्यातले किती भरलेत आणि स्पीड किती हे दिसतं. मग डिस्कवर टिचकी मारा आणि पाच मिनिटं कशालाही हात न लावता नुसतं बघत बसा. काय दिसतं ते इथे लिहा. मॉडेल नंबरही द्या.

कुळागर · रात्री १०.४५

मॉडेलचा स्टिकर घामाने आणि दमट हवेने कधीच पुसला गेला.

मेमरी: ३.९ पैकी ३.३ जीबी वापरात, तेही काहीच उघडलेलं नसताना. दोनपैकी एक स्लॉट भरलाय. स्पीड १६००. डिस्क मात्र सतत १०० टक्के. गंमत म्हणजे त्याच खिडकीत वाचनाचा वेग सेकंदाला जेमतेम १ एमबी दाखवतोय. शंभर टक्के राबतेय आणि काम एवढंसं, हे काय गौडबंगाल?

तिस्ककर · रात्री १०.५२

मॉडेलसाठी विंडोज आणि आर दाबा, एमएसइन्फो३२ टाइप करा. 'सिस्टम मॉडेल'समोर असेल. व्यक्तिगत निरोपाने कळवा, त्याचं सर्व्हिस मॅन्युअल शोधून देतो.

म्हादयकाठ · १० जानेवारी, सकाळी ७.३०

गौडबंगाल काही नाही, कुळागरदादा. तुमच्या डिस्कची तबकडी मिनिटाला ५४०० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला ९०. एका फेऱ्याला ११ मिलिसेकंद. हवा तो तुकडा सुईखाली यायला सरासरी अर्धा फेरा लागतो, आणि त्याआधी सुई त्या वर्तुळापर्यंत सरकायला आणखी दहाबारा मिलिसेकंद. हिशेब केलात तर इकडेतिकडे विखुरलेले तुकडे सेकंदाला पन्नास-साठच वाचून होतात. एकेक तुकडा ४ किंवा १६ केबीचा. म्हणजे एक एमबीच्या आतच की!

एकच मोठी सलग फाइल वाचायची असेल तर हीच डिस्क सेकंदाला शंभरेक एमबी देते. पण विंडोज सुरू होताना हजारो बारक्या फाइली लागतात, वर अँटिव्हायरस, अपडेट, सर्चची सूची, सगळे एकाच सुईला आपापल्या दिशेने ओढतात. डिस्क राबत असते ती वाचण्यात नाही, धावाधावीत. एसएसडीत फिरणारं काही नसतं. साध्या साटा एसएसडीलाही (हार्ड डिस्कच्याच जोडणीवर बसणाऱ्या) असे तुकडे सेकंदाला हजारोंनी देता येतात.

फर्मागुडी · सकाळी ८.१५

असहमत. मूळ रोग रॅमचा आहे. ४ जीबीत विंडोज १० आणि क्रोम मावत नाहीत. मग विंडोज मेमरीतला ऐवज डिस्कवरच्या पेजफाइलमध्ये टाकत राहतं आणि परत आणत राहतं. डिस्क १०० टक्के दिसते ती त्यामुळे. ८ जीबी केली की डिस्क आपोआप शांत होईल. रॅम न वाढवता एसएसडी घातली तर हीच ओढाताण एसएसडीवर होणार, आणि तिच्या लिहिण्याला मर्यादा असते.

म्हादयकाठ · सकाळी ८.४०

तपासता येईल की. टास्क मॅनेजरमधून रिसोर्स मॉनिटर उघडा, मेमरी टॅबमध्ये हार्ड फॉल्ट्सचा, म्हणजे रॅममध्ये नसल्याने डिस्कवरून किती वेळा आणावं लागलं त्याचा, आलेख असतो. क्रोमचे पाचसहा टॅब उघडल्यावर तो उंच जाऊन तिथेच राहिला तर फर्मागुडींचं बरोबर. पण दादांची तक्रार लॅपटॉप चालू होण्यापासूनच आहे. नुकत्याच चालू झालेल्या मशीनला रॅम कमी पडायच्या आधीच डिस्क दमते, तिथे १६ जीबी घातली तरी फार फरक पडणार नाही.

झिजण्याबद्दल म्हणाल, तर घरगुती वापरात एसएसडी लिहूनलिहून संपलेली मी पाहिली नाही. स्वस्त, बिननावाच्या एसएसडी कंट्रोलर बिघडून अचानक मेलेल्या मात्र पाहिल्या आहेत.

बोरकरीण · सकाळी ९.०५

दोन्ही घाला की! जुन्या लॅपटॉपला दोन्ही घालून नव्याच्या निम्मेसुद्धा पैसे होत नाहीत.

सासष्टीचो · सकाळी ९.२०

बोरकरीणबाय, तो हिशेब गेल्या वर्षीचा. रॅमचे भाव पाहिलेत का अलीकडे? एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी उचलायला सुरुवात केल्यापासून चढताहेत. मायक्रॉनने तर डिसेंबरमध्ये जाहीरच केलं की क्रुशल नावाने ग्राहकांना रॅम-एसएसडी विकणं बंद करणार, माल मोठ्या गिऱ्हाइकांना देणार. एसएसडीच्या चिपाही महागतायत. आकडा लिहीत नाही, उद्या तो खोटा ठरेल.

तरी डीडीआर३ला एक बरं आहे, भंगारात गेलेल्या लॅपटॉपांतली सुटी रॅम बाजारात पुष्कळ मिळते. रॅम सहसा वापराने झिजत नाही. चांगल्या कंपनीची, टेस्ट करून दिलेली, परत घ्यायच्या बोलीवर मिळाली तर जुनी घ्यायला हरकत नाही. एसएसडी मात्र जुनी घेऊ नका.

दोतोर_पाटो · सकाळी ११.३०

रॅम घेताना एका अक्षराकडे डोळे फाडून बघा. तुमचा प्रोसेसर पाचव्या पिढीचा, त्याला डीडीआर३एल लागते. तो 'एल' लो व्होल्टेजचा. साधी डीडीआर३ १.५ व्होल्टवर चालते, एलवाली १.३५वर. दोन्हींना २०४ पिना, खाच एकाच जागी, स्लॉटमध्ये दोन्ही छान बसतात. फक्त १.५वाली घातली की स्क्रीन काळी. लेबलवर पीसी३एल-१२८०० असं हवं. १२८०० म्हणजेच तुमचा १६००चा स्पीड. नुसतं पीसी३ असेल तर नको. डीडीआर४ तर बसणारच नाही, तिला २६० पिना आणि खाच दुसरीकडे.

दुकानदाराने 'सेमच असता रे पात्रांव' म्हटलं की समजा, खोक्यात त्याच्याकडे तेवढीच उरलीय.

कुळागर · दुपारी २.१०

हार्ड फॉल्टचा आलेख पाहिला. क्रोम उघडल्यावर छताला लागतो आणि खाली येत नाही. पण लॅपटॉप नुकताच चालू झाला तेव्हा आलेख खाली होता आणि डिस्क तरीही १०० टक्के. म्हणजे दोघांचंही बरोबर?

म्हादयकाठ · दुपारी २.३५

दोघांचंही. पण एक काम तातडीने करा, क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं छोटं फुकट सॉफ्टवेअर चालवा. दहा वर्षांची डिस्क, बागेतल्या घरातली दमट हवा, जत्रांना गाडीच्या डिकीतून प्रवास. तिची नाडी बघितल्याशिवाय पुढे बोलण्यात अर्थ नाही.

कुळागर · दुपारी ३.२०

पिवळ्या चौकोनात 'कॉशन' लिहून आलंय. ०५ क्रमांकाच्या ओळीत शेवटी ०८. सी५ नावाच्या ओळीत शेवटी १८. बाकी सगळं निळं. हे १८ म्हणजे किती वाईट?

म्हादयकाठ · दुपारी ३.२८

दादा, लॅपटॉप आत्ता इतर कशाला वापरू नका.

ते १८ साधे अठरा नाहीत. हे सॉफ्टवेअर तो रकाना दहांऐवजी सोळांच्या गटांत मोजून दाखवतं, म्हणजे १६ अधिक ८, चोवीस. ०५ म्हणजे डिस्कने खराब ठरवून राखीव जागेत हलवलेले सेक्टर (तबकडीवरचे छोटे कप्पे), तुमचे आठ. ते एकवेळ चालतील. सी५ म्हणजे जे वाचता येत नाहीयेत पण ज्यांचा निकालही लागलेला नाही असे, ते चोवीस. त्या जागी तुमची कुठली तरी फाइल असू शकते. अशा जागेवर सुई पुन्हापुन्हा वाचायचा प्रयत्न करत अडकते आणि सगळं गोठतं. तुमचा कडकडाट उशिरा आला त्यात याचाही हात असू शकेल.

रॅम की एसएसडी हा प्रश्न आता संपला. आधी संहिता, ध्वनिफिती, हिशेब, मुलीच्या फाइली बाहेरच्या डिस्कवर उतरवा. सगळ्यात मोलाचं ते आधी. सिनेमे-बिनेमे शेवटी.

फर्मागुडी · दुपारी ३.४०

+१. आधीचा माझा रॅमचा हट्ट मागे. आणि चेकडिस्क ही विंडोजची डिस्क-तपासणी वगैरे आत्ता चालवू नका, आजारी डिस्कला ती मेहनत झेपत नाही.

सासष्टीचो · दुपारी ४.००

उतरवताना लाइटचं बघा. लॅपटॉपची बॅटरी शाबूत आहे ना? नसेल तर ज्याच्याकडे इन्व्हर्टर आहे त्याच्या घरी जाऊन बसा.

कुळागर · दुपारी ४.०६

बॅटरी दहा मिनिटांची. शेजारी इन्व्हर्टर आहे, निघालोच.

बोरकरीण · ११ जानेवारी, सकाळी १०.१५

काय झालं? निघाल्या का संहिता?

कुळागर · दुपारी १.५०

संहिता, हिशेब, मुलीचं सगळं उतरलं. दोन जुन्या प्रयोगांचं व्हिडिओ शूटिंग अर्ध्यावर अडकतं, एरर येतो. आता नव्या एसएसडीवर क्लोन (डिस्कची जशीच्या तशी नक्कल) करावं का? म्हणजे श्रीलिपी वगैरे पुन्हा घालायला नको.

तिस्ककर · दुपारी २.३०

निरोगी डिस्क असती तर क्लोन करा म्हटलं असतं. या डिस्कचा क्लोन म्हणजे दहा वर्षांचा केर आणि वाचता न आलेले तुकडे नव्या घरात नेणं. क्लोनचं सॉफ्टवेअर खराब सेक्टरवर आपटून थांबेल ते वेगळंच. कोरं विंडोज घाला. लायसन्सची चिंता नको, डिजिटल लायसन्स मदरबोर्डाशी बांधलेलं असतं, डिस्क आणि रॅम बदलली तरी नेटला जोडल्यावर आपोआप अॅक्टिव्हेट होतं. श्रीलिपीची सीडी, की किंवा डोंगल जे काय असेल ते मात्र आधी शोधून ठेवा.

अडकलेल्या व्हिडिओंसाठी डीडीरेस्क्यू आहे, लिनक्सच्या (विंडोजऐवजी वापरता येणाऱ्या फुकट प्रणालीच्या) पेनड्राइव्हवरून चालतं. चांगला भाग आधी उचलतं, खराब जागा नोंदवून ठेवतं आणि शेवटी त्यांच्याकडे वळतं. डिस्क बाहेर काढल्यावर निवांत करू.

दोतोर_पाटो · दुपारी ३.१५

विंडोज १०चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला, लक्षात आहे ना? ११ तुमच्या पाचव्या पिढीला अधिकृतपणे मिळत नाही, इंटेलची यादी आठव्यापासून सुरू होते. घरगुती वापरासाठी वाढीव सुरक्षा अपडेट १३ ऑक्टोबर २०२६पर्यंत आहेत. मायक्रोसॉफ्टच्या खात्याने साइन इन करून सेटिंग सिंक केलं तर पैसे पडत नाहीत. कोरं विंडोज घातल्यावर सगळी अपडेट आधी उतरवा, मग सेटिंगमध्ये अपडेटच्या पानावर नोंदणीचा दुवा दिसेल.

त्यानंतर माझ्या मते नेटची कामं लिनक्स मिंटवर न्या आणि विंडोज श्रीलिपीपुरतं, नेट बंद ठेवून वापरा. जुन्या संहिता हळूहळू युनिकोडमध्ये आणल्यात तर पुढच्या पिढीचे आशीर्वाद मिळतील.

फर्मागुडी · दुपारी ३.२५

हा वेगळ्या धाग्याचा विषय आहे, इथे फाटे नकोत.

कुळागर · १३ जानेवारी, रात्री ८.४०

४८० जीबीची साटा एसएसडी आणि ४ जीबीची जुनी डीडीआर३एल आणली. लेबलवर पीसी३एल दुकानातच वाचून घेतलं. मालक म्हणाला एनव्हीएमई (एम.२ स्लॉटात बसणारी एसएसडी) घ्या, दसपट फास्ट. आत एम.२चा छोटा स्लॉट असेल तर घेऊ का?

तिस्ककर · रात्री ८.५५

नको. तुमच्या मॉडेलचं मॅन्युअल बघितलं. तो एम.२ स्लॉट आहे तो वायफाय कार्डाचा, त्याच्या खाचा वेगळ्या. तुमची अडीच इंची साटाच बरोबर. साटाचा रस्ता सेकंदाला साडेपाचशे एमबीच्या आसपास थांबतो, पण तुमचं दुखणं वेगाचं नव्हतंच, धावाधावीचं होतं.

आता उघडताना. आधी शटडाउन, तेही शिफ्ट दाबून ठेवून, नाहीतर फास्ट स्टार्टअपमुळे विंडोज पूर्ण बंद होत नाही. चार्जर काढा, खालची बॅटरी काढा, मग पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून धरा म्हणजे उरलासुरला करंट जातो. स्क्रू वेगवेगळ्या लांबीचे आहेत. कागदावर लॅपटॉपची आकृती काढा आणि ज्या जागेचा स्क्रू त्या जागी सेलोटेपने चिकटवा. लांब स्क्रू आखूड जागी पिळला तर कीबोर्डाच्या बाजूने टेंगूळ येतं. दोन स्क्रू मागच्या रबरी पायांखाली आहेत. एक डीव्हीडी ड्राइव्हचा, तो काढून ड्राइव्ह बाहेर ओढल्याशिवाय झाकण निघत नाही, आणि लोक इथेच जोर लावून कडा मोडतात. झाकण सोडवायला स्क्रूड्रायव्हर नको, जुनं एटीएम कार्ड फिरवा.

रॅम तिरकी, साधारण तीस अंशात, सोनेरी पट्टी जवळजवळ दिसेनाशी होईपर्यंत आत सारा. मग वरून खाली दाबा, दोन्ही बाजूंच्या चिमट्या टक् करून बसल्या पाहिजेत. एकच वाजली तर पुन्हा काढा.

सासष्टीचो · रात्री ९.१०

उघडलाच आहे तर जुन्या रॅमच्या सोनेरी दातांकडे बघा. आमच्याकडे समुद्राच्या हवेने त्यांच्यावर काळपट थर चढतो. पांढऱ्या खोडरबराने हलक्या हाताने पुसा, चुरा ब्रशने झाडा, स्लॉटमध्ये पडू देऊ नका. फॅनमधली धूळही काढा. फुंकर मारू नका, तोंडातली वाफ जाते.

कुळागर · १५ जानेवारी, रात्री ९.३०

झालं. झाकण उघडल्यावर आत मुंग्यांनी केलेली वसाहत सापडली, ती कोणी सांगितली नव्हती. एसएसडी जुन्या डिस्कपेक्षा पातळ निघाली, ७ मिलिमीटर, जुनी साडेनऊ. पण जुनी ज्या पत्र्याच्या चौकटीत होती तिलाच चार स्क्रूंनी बसली.

पहिल्यांदा चालू केल्यावर स्क्रीन काळी. अर्धा मिनिट धीर धरला, मग आपोआप रीस्टार्ट होऊन आली आणि बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगच्या पानावर) ८१९२ एमबी, म्हणजे ८ जीबी, दिसलं. विंडोज घातलं, श्रीलिपी चालली, नोंदणीही केली. आता बटण दाबून चष्मा सापडेपर्यंत डेस्कटॉप येतो. क्रोम उघडून ऑडासिटी चालू असताना मेमरी ५.२ जीबीवर आहे आणि हार्ड फॉल्टचा आलेख जमिनीलगत.

देव बरें करूं सगळ्यांचें.

म्हादयकाठ · रात्री ९.४८

छान! आणलेली रॅम परत द्यायच्या बोलीवर घेतली आहे ना? मग आज रात्री मेमटेस्ट८६ ही रॅमची चाचणी लावून झोपा. एकही लाल ओळ आली तर उद्या परत करा. आणि प्रयोगाला ऑडासिटीचा प्रोजेक्ट उघडून वाजवू नका, प्रत्येक आवाज वेगळी डब्ल्यूएव्ही फाइल करून साध्या प्लेअरमध्ये क्रमाने लावा. वायफाय बंद, अपडेट थांबवलेलं, स्लीप बंद.

कुळागर · १६ जानेवारी, सकाळी ६.५०

मेमटेस्ट स्वच्छ. व्हिडिओंचं डीडीरेस्क्यू रविवारी तिस्ककरांकडे. जेवायला खतखत्याची भाजी होईल.

वास्कोपोर्ट · सकाळी ११.२०

धागा वाचनखूण म्हणून साठवला. माझाही प्रश्न यातच घुसवतो. २०१२चा मॅकबुक प्रो, तेरा इंची, रेटिना नसलेला. ४ जीबी. एसएसडी घातली तरी मध्येच गोठतो, कधी प्रश्नचिन्हाचं फोल्डर दाखवतो. दुकानवाला म्हणतो एसएसडी खराब, बदला. दुसरी घातली तरी तेच. आता रॅम वाढवू का?

दोतोर_पाटो · सकाळी ११.४५

थांबा, खर्च करू नका. या मॉडेलमध्ये डिस्कला जोडणारी चपटी साटा केबल अॅल्युमिनियमच्या कवचावर घासून आतून तुटते, हा तिचा प्रसिद्ध दोष आहे. मंद हार्ड डिस्कवर कसंबसं चालून जातं, वेगवान एसएसडी घातली की उघडं पडतं. काढलेली एसएसडी यूएसबीच्या केसमध्ये घाला आणि बाहेरून चालू करून बघा. तशी सुरळीत चालली तर दोष केबलचा. नवी केबल बसवताना तिच्याखाली कवचावर इन्सुलेशन टेपची पट्टी चिकटवा, आणि कोपऱ्यात केबल करकचून दुमडू नका.

रॅम नंतर. अॅपलने ८च लिहिलंय, पण दोन ८च्या पट्ट्या घालून १६ चालते. तुमच्या दोन्ही स्लॉटांत २-२ असणार, त्यामुळे दोन्ही काढाव्या लागतील.

वास्कोपोर्ट · दुपारी १२.०५

म्हणजे आधीची एसएसडी चांगलीच असेल? ती दुकानवाल्याने ठेवून घेतलीय.

सासष्टीचो · दुपारी १२.०९

आजच जाऊन मागा. दुकान दुपारी बंद असणार, चारनंतर जा.